राजा उत्तुंगसेनाचे तिसरे खुराडे

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाला साधा खिळा ठोकता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे तो आपल्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेईल तेव्हा कोणी दचकायला नको. राजाचे नाव उत्तुंगसेन. त्याला उंचीचे भारी वेड. सिंहासन उंच, मुकुट उंच, आणि प्रधान बुटका निघाला तर त्याला पाटावर उभा करून मगच त्याचा सल्ला ऐकायचा!

या राजाला एकुलती एक कन्या, शाल्मली. तिच्यावर त्याचा फार जीव. म्हणून त्याने तिच्यासाठी सात मजली मनोरा बांधायला काढला. सातव्या मजल्यावर एकच दालन, आणि त्या दालनात एकटी राजकन्या.

"बाबा, मला परसदारची खोली द्या. वर एकटीला मला झोप यायची नाही," राजकन्या म्हणाली.

"राजकन्या सर्वांच्या वर झोपते," राजा म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला.

मनोऱ्याच्या पायाच्या जागेत कपिलाक्ष नावाच्या मांत्रिकाचे खुराडे आले. कुडाचे, सहा कोंबड्यांचे, सारवलेले, नीटनेटके. राजाच्या हत्तीने ते एका पावलात सपाट केले. कोंबड्या फडफडत उडाल्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी मांत्रिक त्या सहाही जणींना टोपलीत घालून दरबारात आला. त्याचे डोळे घासलेल्या तांब्याच्या रंगाचे होते. आवाज मात्र त्याने जराही चढवला नाही.

"राजा, घर कसे असते ते तुला ठाऊक नाही. आता शीक. तुझी कन्या कोंबडी होईल. तिच्यासाठी आणि या सहा जणींसाठी खुराडे बांध. त्याला हात फक्त तुझेच लागले पाहिजेत. ज्या संध्याकाळी ती आपल्या पायांनी आत शिरेल, आणि सकाळी आत गेलेल्या सगळ्या धडधाकट बाहेर येतील, त्या सकाळी ती माणूस होईल. संधी तीन. तिसरी हुकवलीस तर ती जन्मभर कोंबडी."

एवढे बोलून त्याने परसदारच्या चौकटीला तीन अंडी टांगली आणि तो निघून गेला. इकडे राजकन्येच्या जागी केशरी पिसांची, तांबड्या पायांची एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, उभी होती. दरबारी लोकांनी एकमेकांकडे पाहिले. त्या राज्यात असे वर्षातून दोनतीनदा व्हायचे, पण घरच्याच माणसाचे झाले की ते निराळेच. राजाने त्या तलंगेला उचलून छातीशी धरले. तिचे काळीज त्याच्या तळव्याखाली धडधडत होते. तेव्हा तो राजा ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर त्याने बाह्या सरसावल्या. पहिले खुराडे त्याने दगडाचे बांधले. राजाच तो, त्याला किल्ल्यांचीच माहिती! हातभर जाडीच्या भिंती, वर दगडी छत, शिसवी दार, दाराला कडी, कडीला कुलूप. खिडकी एकही नाही. गिलावा करताना त्याने निम्मा चुना स्वतःच्या दाढीला लावला, पण आठ दिवसांत काम उभे केले आणि कौतुकाने चारी बाजूंनी फिरून पाहिले.

राजवाड्याला सुपे-टोपल्या विणून देणारी गोजराबाई तिथे आली होती. ती उभी राहून पाहत राहिली.

"म्हाराज, लई भक्कम झालंय. पर ह्यात हवा कुठनं यायची?" तिने विचारले.

"शत्रू येऊ नये म्हणून हवाही नाही," राजा म्हणाला.

संध्याकाळी सहा कोंबड्या निमूट आत गेल्या. राजकन्येने दारात एक पाय ठेवला, चोच आत घातली, आणि मागे फिरून ती परसातल्या शेवग्यावर जाऊन बसली. सकाळी दार उघडले तेव्हा सहाही जणी धापा टाकत बाहेर आल्या. विष्ठेच्या उग्र वासाने त्यांचे डोळे गळत होते. चौकटीवरचे पहिले अंडे टक्कन फुटले.

त्या सहांत ठिपकी नावाची एक वयस्क कोंबडी होती. त्या राज्यात म्हाताऱ्या कोंबड्या बोलत असत. तरण्या कोंबड्यांना बोलायला सवड नसे. ठिपकीने चोच जमिनीला पुसली आणि म्हणाली,

"राजा, तू आम्हाला तुरुंगात घातलेस. आम्हाला श्वासाला वारा लागतो. आणि तोही डोक्यावरून वाहता. अंगावर झोत नको."

"मग कुठे ठेवू खिडक्या?"

"वर, छपराच्या खाली. गरम हवा तिथून जाते."

आता ऐका गंमत! हे ऐकताच राजाच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला असे काही सांगितले होते, जे करून पाहता येईल. त्याने पडवीच्या भिंतीवर कोळशाने आकृत्या काढायला सुरुवात केली. प्रधान युद्धाचे खलिते घेऊन आला, तर राजाने त्याच्या हातातला खलिता उलटा करून मागच्या बाजूला छपराचा उतार काढला. गोजराबाई समोर बसून बांबू चिरून दाखवायची, मग राजा आपला बांबू चिरायचा. तिची कामटी सरळ यायची, राजाची वाकडी. दहाव्या दिवशी राजाची एक कामटी सरळ निघाली आणि तो इतका ओरडला की पहारेकरी तलवारी उपसून धावत आले.

दुसरे खुराडे चार खांबांवर उभे राहिले, जमिनीपासून हातभर उंच. खाली ओल नको म्हणून. छपराखाली वाऱ्याच्या फटी, तळाला भाताचे तूस, अंडी घालायला कोपऱ्यात अंधारे खण. पण भिंतीची जाळी विणताना राजाला आपल्या महालातल्या झरोक्यांची आठवण आली. त्याने चार चार बोटांची सुंदर चौकटी नक्षी केली.

"म्हाराज, जाळी बारीक करा," गोजराबाई काकुळतीने म्हणाली. "जिथं आपली दोन बोटं जात्यात तिथं मुंगसाचं मुंडकं जातं."

"नक्षी बिघडेल, गोजराबाई."

"नक्षी कोण बघणार हाय आतनं?"

राजाने ऐकले नाही. संध्याकाळी राजकन्या शेवग्याखाली आली, फटींकडे मान वाकडी करून पाहिले, आणि टुणकन उडी मारून आत शिरली. आपल्या पायांनी! राजाने गोजराबाईचे हात धरून तिला गरागरा फिरवले. पण सकाळी दार उघडले तेव्हा पाच कोंबड्या आणि राजकन्या बाहेर आल्या. सर्वात पांढरी कोंबडी आली नाही. तुसावर थोडी पिसे होती, आणि जाळीच्या एका देखण्या चौकटीत तांबूस केस अडकले होते. कुंपणावर एक मुंगूस बसले होते. त्याचे डोळे घासलेल्या तांब्याच्या रंगाचे होते. ते राजाकडे बघत राहिले आणि मग उडी मारून निघून गेले. दुसरे अंडे फुटले.

राजाने ती पिसे गोळा करून शेवग्याखाली पुरली. एका कोंबडीसाठी तो रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. गोजराबाईपुढे जाऊन तो म्हणाला, "मी ऐकायला हवे होते." राजाच्या तोंडून असे वाक्य त्या राज्यात कोणी ऐकले नव्हते.

आता उरले एकच अंडे. आणि राजा तर पेटलाच! तिसरे खुराडे त्याने जोत्यावर घेतले आणि त्याला नखही शिरणार नाही अशी दुहेरी जाळी विणली. मुंगूस उकरून आत येऊ नये म्हणून भोवती वीतभर खोल दगड पुरले. अंगावर उवा होऊ नयेत म्हणून राखेचा खड्डा केला, कारण कोंबड्या राखेत लोळून अंघोळ करतात. दाराला असा आकडा केला की तो मुंगसाच्या पंजाने निघू नये. रोज नवी सुधारणा. जेवताना घास हातात तसाच आणि राजा म्हणतोय, "गोजराबाई, पाण्याचे भांडे टांगले तर? म्हणजे त्यात तूस पडणार नाही!" आणि गोजराबाई म्हणायची, "टांगा की. पर आधी जेवा."

शेवटी बसायच्या दांड्या राहिल्या. कोंबड्या जमिनीवर झोपत नाहीत, दांडीवर बसून झोपतात. इथे राजाने कोणाला विचारले नाही, कारण हे तर त्याला येत होते. त्याने जिन्यासारख्या सहा दांड्या लावल्या. सर्वात वरची राजकन्येची, तिला रेशीम गुंडाळले. त्याखाली ठिपकीची, मग बाकीच्यांची मानाप्रमाणे.

संध्याकाळ झाली. पाच कोंबड्या आत गेल्या आणि आत एकच गदारोळ उठला! प्रत्येकीला सर्वात वरची दांडी हवी. चोची, पंजे, किंचाळ्या. एकीचा तुरा रक्ताळला, एक धपकन खाली आपटली. राजकन्या दारापर्यंत आली, आतला गोंधळ पाहिला, आणि पाठ फिरवून हळूहळू शेवग्याकडे चालू लागली. सूर्य तटाच्या भिंतीला टेकला होता. चौकटीवरच्या शेवटच्या अंड्याला बारीकशी चीर गेली.

राजा धावत आला. तो दारापाशी गुडघ्यांवर बसला.

"ठिपकी, लवकर सांग. काय चुकले?"

ठिपकीने बाहेर मान काढली. तिचा एक डोळा सुजला होता.

"तू तुझा दरबार आत आणलास. वरची जागा असली की ती सगळ्यांना हवी असते. नसली तर कोणालाच नको असते. आणि तुझी लेक कधीच वर बसायला मागत नव्हती, राजा. तिला एकटीला झोप येत नाही."

हे शब्द राजाने आधी ऐकले होते. नुसते ऐकले होते.

तो उठला. खुराड्याचे दार बुटके, मुकुटासकट आत जाता येईना. त्याने मुकुट चिखलात टाकला आणि रांगत आत घुसला. एकेक दांडी उपटली. हातोडी अंगठ्यावर बसली, रक्त आले, त्याने पाहिलेसुद्धा नाही. पाचही दांड्या एका पातळीत, भिंतीच्या एका टोकाजवळून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने ठोकत नेल्या. पण सहावी दांडी उपटताना मोडली. तेवढी जागा रिकामी राहिली आणि सूर्य तर निम्मा बुडालेला!

"गोजराबाई, दांडी!"

"म्या हात लावला तर बाद व्हईल, म्हाराज! तुमच्या कमरेला काय हाय?"

राजाच्या कमरेला राजदंड होता. चंदनाचा, बरोबर दोन हात लांब, सात पिढ्यांनी दरबारात आपटलेला. राजाने तो उपसला, त्याच्या टोकाचे सोन्याचे बोंड दगडाने ठेचून काढले, आणि दंड रिकाम्या जागी आडवा ठोकला. मग तो उलटा रांगत बाहेर आला आणि दारापासून लांब जाऊन बसला.

कोंबड्या थांबल्या. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. भांडायला काही उरलेच नव्हते. एकेक करून त्या ओळीने बसल्या. मग केशरी तलंग परत आली. उंबऱ्यावर क्षणभर थबकली, आत उडी मारली, आणि राजदंडावर ठिपकी आणि रक्ताळलेल्या तुऱ्याची कोंबडी यांच्या मध्ये अंग चोरून घुसली. दोन्ही बाजूंनी ऊब मिळाली तशी तिने मान पंखात घातली. राजाने आकडा लावला. त्याच क्षणी सूर्य बुडाला.

सकाळी खुराड्याभोवती मुंगसाच्या पंजांचे ठसे होते. दगडांपाशी उकरलेले, जाळीपाशी ओरबाडलेले, आणि शेवटी परत फिरलेले. राजाने आकडा काढला. एक कोंबडी आली. दुसरी आली. तिसरी, चौथी. मग ठिपकी आली आणि म्हणाली, "छान झोप झाली." त्यानंतर कोणीच येईना. राजा वाकून आत पाहू लागला. आत काहीतरी धडपडले, आणि दारातून आधी एक हात बाहेर आला, मग तुसाने भरलेले केस, मग रांगत रांगत आख्खी राजकन्या शाल्मली!

"बाबा," ती म्हणाली, "दार थोडे मोठे हवे होते."

राजाने तिला पोटाशी धरले. हसत होता की रडत होता ते त्याचे त्यालाच कळेना. मग एकदम मागे होऊन त्याने विचारले, "किती मोठे? माप सांग!"

चौकटीवरचे तिसरे अंडे फुटले, आणि त्यातून एक पांढरेशुभ्र पिलू बाहेर पडले. कपिलाक्ष कुंपणापाशी उभा होता. त्याने मान डोलावली. राजाने त्याच्या जुन्या जागेला लागूनच त्याला तसेच खुराडे बांधून दिले, स्वतःच्या हाताने, मोठ्या दाराचे. मनोरा चौथ्या मजल्यावर थांबला. त्यात आता गोजराबाईचे बांबू वाळत असतात. शाल्मलीला परसदारची खोली मिळाली. दरबारात सिंहासन राहिले नाही, एक लांब बाक आहे, आणि बुटक्या प्रधानाला पाट लागत नाही.

राजदंड मात्र परत आणला गेला नाही. मोठा निवाडा करायची वेळ आली की राजा परसात जातो, खुराड्यापाशी उकिडवा बसतो, आणि आतल्या जणी शांत आहेत ना ते पाहून मग बोलतो. कोंबड्या आत गेल्या, आकडा लागला, आपणही आता आपापल्या जागी जाऊ.