निंबाजी कारभाऱ्याचं दार

गळ्याची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी पाहिलेलं नाही. ज्यांनी मला सांगितलं त्यांनीही पाहिलेलं नव्हतं, आणि त्यातले दोघे तर पक्के थापाडे. तरी खरं आहे.

फार वर्षांपूर्वी आमचं खैरवडं एका छोट्या राज्याची राजधानी होतं. लढाईच्या पायी राजाने टांकसाळीत तांब्यात शिसं मिसळायला लावलं. लोकांना ते कळलं आणि नाणं कुणी घेईना. तेली तेल झाकून बसला, कोष्टी कापड. कणग्या भरलेल्या आणि चुली गार. राजे गुडघेदुखीचा नवस फेडायला तीर्थयात्रेला निघून गेले, आणि राज्य पडलं निंबाजी कारभाऱ्याच्या गळ्यात.

निंबाजी बाजाराच्या वेशीत घोंगडी टाकून बसला. म्हणाला, "नाणं घ्या. ज्याला नकोसं होईल त्याने ते मला द्यावं आणि माझ्या घरातून त्या मोलाची वस्तू न्यावी."

पहिल्या बाजारी भांडी गेली. दुसऱ्या बाजारी पलंग आणि जातं गेलं. त्याची बायको भागूबाई म्हणाली, "मला कितव्या बाजारी देणार, तेवढं आधी सांगा. लुगडं धुऊन ठेवते." असं म्हणतात, की घर इतकं रिकामं झालं, आत कुणी खोकलं तर सात वेळा ऐकू यायचं. पण घर रिकामं होत गेलं तसा बाजार भरत गेला. माणूस शब्द पाळतोय हे दिसल्यावर नाणं परत करणारे कमी झाले.

हे तुळाजीराव सरदारांना बघवेना. घोडा त्यांचा, तलवार त्यांची, आणि लोक पहिला मुजरा करायचे घोंगडीवरच्या माणसाला. असं म्हणतात, हेव्याने त्यांची मिशी एका बाजूने हिरवी झाली. चौथ्या बाजारी त्यांनी गाडीभर नाणी आणून निंबाजीपुढे ओतली.

"घ्या परत, कारभारी. काय देता?"

बाजार थांबला. निंबाजी नाही म्हणाला असता तर सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं. तो उठला, घरी गेला आणि उरलेली एकुलती वस्तू पाठीवर घेऊन आला. घराचं दार.

"एवढंच आहे, सरदार."

"गाडीभर नाण्यांना एक दार?"

तेव्हा राही तेलीण पुढे आली. "उरलेल्या नाण्यांचं माझं तेल न्या, सरदार. आम्हाला चालतं हे नाणं." मग कोष्टी आला, गूळवाला आला. दिवस कलताना तुळाजीराव तेल, कापड, गूळ आणि दार घेऊन घरी गेले, आणि नाणं राज्यभर चालू लागलं.

असं म्हणतात, ते दार त्यांनी घराला बसवलं, पण ते कधी बंदच होईना. गाऱ्हाणं घेऊन कुणीही सरळ आत यायचं.

अजूनही खैरवड्यात नवा सरपंच पहिल्या बाजारी ते दार पाठीवरून वेशीत आणतो. शेजारी घोंगडीवर बसतो, आणि शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत उठत नाही. निंबाजीच्या नावाने. दार न्यायला येतात आमच्याकडे, कारण तुळाजीराव माझे खापरपणजोबा. बिजागऱ्यांना तेल आम्ही घालायचं, हळदकुंकू मात्र निंबाजीला. अहो, गाडी कुणी आणली होती? त्यांचं नाव नको का निघायला?

असो. मिशीचं खरं आहे. दार बंद होईना, ते मात्र मी रचलं. ते उत्तम बंद होतं. खापरपणजोबांनी त्या दिवशी आतून कडी लावली, ती मरेपर्यंत काढली नाही.