कोरा कोपरा

यंत्रं अजून माणसांशी भांडत असत, तेव्हाची गोष्ट. रेवती घरीच 'माणूस आणि यंत्र' ही चित्रपुस्तिका करत होती. प्रिंटर पानं छापी, सुई ती शिवी. मग मालनआत्या लग्नपत्रिकेला लावतात तसं प्रत्येक पुस्तिकेच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावी.

"आत्याबाई, किती वेळ घालवता! मीच छापतो," प्रिंटर म्हणाला. उद्या प्रदर्शन होतं, म्हणून रेवतीलाही पटलं. ठिपके हुबेहूब उमटले.

आत्याने त्यांवर बोट फिरवलं. "रेवती, बोटाला काहीच लागलं नाही गं."

"रंग तर तोच आहे!" प्रिंटर सुईपाशी कुरकुरला.

"मी नुसतं भोक पाडते," सुई म्हणाली. "धरून ठेवायचं काम दोऱ्याचं."

 मग प्रिंटरने पुढचं पान छापलं आणि कोपरा कोरा सोडला.