गुडघाभर पाण्याचे राज्य

त्या राज्यात जमीन कुणी पाहिली नव्हती. भाताची सारी प्रजा बारा महिने गुडघाभर पाण्यात उभी असे. तणाला घुसायला जागा मिळू नये, म्हणून हा बंदोबस्त होता. तण तिथे कधी आलेच नव्हते. त्यामुळे त्याच्याविषयी सर्वांना सविस्तर माहिती होती.

पाण्याखालचा चिखल मात्र हवेवाचून कुजत असे. त्याचा कोंडलेला श्वास प्रजेच्याच पोकळ देठांतून आभाळात चढे आणि तिथे गोधडीसारखा साचून राही. गोधडी दरवर्षी जाड होई, उकाडा वाढे. उकाडा वाढला की प्रजेतल्या सर्वांत जुन्या वाणाचे वडीलधारे पटणीअण्णा पाणी वाढवायला सांगत. पाणी थंड असते, एवढे शास्त्र त्यांना पुरेसे होते.

झिनी हे कोवळे रोप पोटरीत येण्याच्या, म्हणजे पोटात लोंबी धरण्याच्या बेतात होती. पलीकडच्या खाचरातल्या लोंब्या उकाड्याने पोचट निघाल्याचे तिच्या कानावर आले होते. बांधातल्या बिळात राहणाऱ्या कुर्ली खेकडीला तिने हळूच विचारले, "मावशी, माझी लोंबी भरेल ना गं?"

"या कोंडमाऱ्यात? बांधाला भोक पाडते. पाणी उतरू दे, चिखलाला जरा भेगा पडू देत. मग भरा की पुन्हा."

"आणि तण आलं तर?"

"चार काड्या येतील. एवढं घाबरायला ते काय वाघ आहे?"

पाणी बोटभर उतरले आणि हलकल्लोळ माजला.

"तळ दिसतोय! ही कुर्ली तणाला फितूर आहे!" पटणीअण्णा ओरडले. "झिनी, तू बोलत होतीस ना तिच्याशी?"

"नाही हो अण्णा. मी तर तिला ओळखतही नाही."

निवाड्यासाठी बगळ्याला बोलावले. तो निःपक्षपाती म्हणून प्रसिद्ध होता. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या; कुर्लीची ऐकता ऐकता तिला खाल्ले. उरलेल्या कवचाने भोक बुजवण्यात आले. त्या रात्री आपल्याच देठातून काहीतरी वर सरकताना झिनीला जाणवले.

फुलोऱ्याच्या दिवसांत वारा भाजत आला आणि भाजत गेला.

कापणीच्या तोंडावर पटणीअण्णांनी राज्यावर नजर फिरवली. या बांधापासून त्या बांधापर्यंत एकही मान झुकलेली नव्हती.

"काय ताठ पिढी आहे!" ते म्हणाले.

झिनीने आपली लोंबी वाकवून पाहिली. वाकवली तशी दाण्याचा भार नसलेली ती वाऱ्यावर अलगद उसळून पुन्हा सरळ झाली. खाली पाण्यात एक बुडबुडा फुटला.