येसूबाईच्या लिंपलेल्या कणगीची कहाणी

ऐका बेगमीमाते, तुझी कहाणी. अक्षता हातात घ्या, बायांनो, आणि ती कोपऱ्यातली कुजबूज पुरे करा. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगरात तांबटांची आळी होती. आळीत नागोजी तांबट राहत होता. घरात त्याची आई येसूबाई, बायको गोजरा आणि लहानगी लेक ठकी. बाहेर नागोजीच्या हातोडीचा आवाज, घरात येसूबाईचा. तिसरा आवाज त्या घरात कुणाचा चालत नसे.

एके दिवशी काय झालं, दारात एक म्हातारी आली. डोईवर पाटी, पाय धुळीनं माखलेले. म्हणाली, "बाई, घोटभर पाणी दे." येसूबाईनं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. म्हातारी तृप्त झाली. म्हणाली, "तुला एक वसा देते. दर शनिवारी घराच्या बेगमीचं एक काम करावं. विकत आणायचं ते घरी करावं, उद्या लागायचं ते आज ठेवावं. त्यानं काय होतं? अडल्या वेळी घर कुणापुढं हात पसरत नाही." येसूबाईनं वसा घेतला, पदर खोचला आणि सुनेला हाक मारली.

पहिल्या शनिवारी सरपण फोडलं, गोवऱ्या रचल्या. कुणी? गोजरानं. दुसऱ्या शनिवारी सांडगे घातले, कुरडया घातल्या, राखणीला काठी घेऊन उन्हात बसलं. कुणी? गोजरानं. तिसऱ्या शनिवारी तांदूळ वाळवले, निवडले, कणगीत भरले, वर कडुलिंबाचा पाला घातला आणि कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपलं. तेही गोजरानंच. येसूबाई बाजेवर बसून म्हणे, "हळू गं, माझं व्रत आहे ते." संध्याकाळी आळीतल्या बायकांना बोलावून दाखवी, "बघा, आज एवढं झालं." बायका वा वा म्हणत. गोजरा आत कंबर शेकीत बसे.

असे शनिवार गेले, वर्ष गेलं. मग दोर वळून झाले, वाती वळून झाल्या, परसात भोपळ्याचे वेल चढले, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झाले. माळ्यावर जागा राहिली नाही, माणसांनी अंग चोरून निजायचं. पण एवढं सगळं केलं, त्यातलं ताटात काही येईना. ताटात येई नाचणीची आंबील. का? तर बाकीचं संकटासाठी.

मग एकदा घाटात दरड कोसळली. गाड्या थांबल्या, बाजार ओस पडला. गोजराला वाटलं, चला, झालेल्या कष्टाचं सार्थक झालं. ती म्हणाली, "आत्याबाई, वेळ आली. कणगी उघडायची?"

येसूबाई म्हणाली, "इश्श! परसात भोपळा लोंबतोय आणि म्हणे वेळ आली. याला का कुठं संकट म्हणतात?"

गोजरानं नवऱ्याकडं पाहिलं. नागोजी म्हणाला, "आई म्हणते तर असेल." मग भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं सार, भोपळ्याच्या बिया. ठकीनं भोपळा पाहिला की ती बाजेखाली जाऊन लपू लागली.

मग दुसरं काय झालं, नागोजी ओट्यावरून पडला. हात मोडला, हातोडी बंद, घरात दमडी येईना. गोजरा म्हणाली, "आत्याबाई, आता तरी वेळ आली. कणगी उघडायची?"

येसूबाई म्हणाली, "अगं, डावा मोडलाय. उजवा धड आहे ना? याला का कुठं संकट म्हणतात?"

नागोजी झोळीत हात घालून बसला होता. तो म्हणाला, "आई म्हणते तर असेल." आता सांगा, बायांनो, अशा माणसाचं काय करावं? गोजराच्या मनात आलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. पण भिंत कालच शनिवार म्हणून सारवली होती, ती परत सारवावी लागली असती.

गोजरा घागर घेऊन नदीवर गेली. तिथं उंबराखाली तीच म्हातारी बसलेली. गोजरानं तिला ओळखलं. घागर आपटली, म्हणाली, "आजीबाई, तुमचा वसा तुम्ही परत घ्या. घर भरलंय आणि आम्ही उपाशी आहोत. हा कसला वसा दिलात?"

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, मी का उपाशी मरायला सांगितलं? तुझ्या सासूनं अर्धं ऐकलं आणि तुला हाक मारायला धावली. व्रत घेतलं की संपूर्णाला काय करावं हे पोर देखील विचारतं. तिनं विचारलं? नाही. मी हाका मारमारून घसा बसवून घेतला."

गोजरानं विचारलं, "मग संपूर्णाला काय करावं?"

"भुकेलं तोंड मागेल तेव्हा भरलेलं उघडावं, शिजवावं, वाढावं. पण जिनं वसा घेतला तिच्याच हातानं. तू चोरून काढलंस तर सगळं मातीमोल होईल. जा, सांग तिला."

गोजरा धावत घरी आली, सगळं सांगितलं. येसूबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "व्रत माझं. सांगायचं तर तिनं मला येऊन सांगावं. तुझ्याजवळ कसले निरोप देते?" गोजरा ओसरीवर गेली आणि पदर तोंडात धरून रडली. दुःखानं नाही, संतापानं.

मग तिसरं काय झालं, नगरात ताप आला. ठकीला ताप चढला. पोर तापानं फणफणली, मग ग्लानीत गेली. भोपळा तिला गिळवेना, आंबील पोटात ठरेना. मग एका सकाळी अंगाला घाम फुटला, ताप उतरला. हातापायांच्या काड्या झालेल्या. वैद्य म्हणाला, "आता औषध नको. मऊ भाताची पेज द्या, तीवरच पोर जगेल." ठकी डोळे न उघडता म्हणाली, "आई, पेज."

गोजरा सासूपुढं उभी राहिली. "आत्याबाई, कणगी उघडा."

येसूबाई म्हणाली, "ताप उतरला ना? मग आता संकट कसलं..."

नागोजीनं तोंड उघडलं. गोजरानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उघडलं तोंड मिटून अंगणात निघून गेला. गोजरानं मुसळ उचललं आणि सासूच्या पायाशी टाकलं. म्हणाली, "मी फोडली असती, पण माझ्या हातानं पोरीला फळायचं नाही. तुम्ही फोडा. माळ्यावरून बरण्या डोक्यात पडायच्या राहिल्यात आणि माझी लेक पेजेवाचून चालली. याहून मोठं संकट तुम्हांला हवंय तरी कसलं?"

येसूबाई कणगीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "तू संकट पाहिलं नाहीस, सूनबाई. मी पाहिलंय. नागोजीच्या आधी मला लेक होती. सुंदा. दुष्काळात घरात दाणा नव्हता. ती मांडीवर पेज मागत होती. मी तिला निजवून दारोदार फिरले. मूठभर तांदूळ घेऊन परत आले, तेव्हा मागणारं तोंड गप्प झालं होतं. ते संकट. त्याच्यापुढं तुझी दरड काय आणि हात मोडला काय? ते परत येईल तेव्हा काय करू गं मी?"

गोजराला एवढी वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं. राग होताच, तरीही ती खाली वाकली, मुसळ उचललं, सासूच्या हातात दिलं. म्हणाली, "आत्याबाई, त्या घरात दाणा नव्हता. या घरात आहे. आणि आपलं तोंड अजून मागतंय."

आतून ठकीचा आवाज आला, "पेज." येसूबाई वळली. एक घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला लिंपण फुटलं. वरच्या थरात पोरकिडे झाले होते. गोजरानं ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही. बायांनो, हे तिचं खरं व्रत. खाली हात घातला तर तांदूळ लखलखीत निघाला.

येसूबाईनं स्वतः चूल पेटवली, स्वतः पेज शिजवली, तूप सोडलं. दोन वाट्या भरल्या. एक ठकीपुढं ठेवली, एक बाजूला. गोजरानं विचारलं, "ही कुणाची?"

"सुंदाची," येसूबाई म्हणाली.

ठकीनं पहिली वाटी चाटून पुसून संपवली. मग उठून बसली, हात लांब केला आणि बाजूची वाटी ओढली. गोजरा तिला आवरायला धावली. येसूबाईनं सुनेचा हात धरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. म्हणाली, "खाऊ दे तिला. खा गं बाई, दोघींचं खा."

येसूबाईला जशी वेळ ओळखता आली, तशी तुम्हां आम्हां येवो. कणगी भरो, वेळेला उघडो, मागणारं तोंड मागतं राहो. ही बेगमीमातेची कहाणी, सुपानं पाखडली, ओंजळीनं वाढली, सुफळ संपूर्ण.