पाऊलभर ओसाड जागा

ऑगस्टमधला रविवार, सकाळचे साडेदहा. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरात असलेल्या हेळेवाडीतल्या जैन बस्तीचा, म्हणजे मंदिराचा, ओटा. पाऊस अर्ध्या तासापूर्वी थांबला होता.

“…पण ओसाड म्हणजे किती ओसाड?” महाराजांनी विचारलं.

प्रश्न डॉ. भरतेश मगदूम यांना होता. खाणींना पर्यावरण मंजुरी द्यावी की नाही, हे सरकारला सांगणाऱ्या तज्ज्ञ समितीचे ते सदस्य. महाराज दिगंबर मुनी. त्यांचा चातुर्मास यंदा हेळेवाडीत होता. मगदूम घरच्या रीतीप्रमाणे दर्शनाला आले होते. बोलता बोलता सांगून गेले, की बस्तीमागच्या सड्यावर बॉक्साइटची खाण व्हायची आहे आणि तिची फाइल मंगळवारी त्यांच्यापुढे येणार आहे.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. त्यात मुरलेलं पाणी खाली झऱ्याला येतं. हेळेवाडीला दुसरं पाणी नाही.

“पूर्ण ओसाड, महाराज. कंपनीच्या अहवालात स्पष्ट आहे. खडक, तुरळक सुकं गवत, जीवसृष्टी नगण्य.”

“तुम्ही पाहिलात सडा?”

“अहवाल पाहिला. तीनशे चाळीस पानं.” मगदूम हसले. “बावीस वर्षं हेच करतोय. कागद कुठे खोटं बोलतो, ते मला पहिल्या दहा पानांत कळतं.”

“अहवाल लिहिणाऱ्यांनी कधी पाहिला?”

“मार्च ते मे. एक हंगाम, पावसाळा सोडून. नियमच तसा आहे.”

आहाराची भांडी विसळणाऱ्या अंजाक्का उपाध्ये थांबल्या. “म्हंजे पोरगी मामाच्या गावाला गेल्यावर बघायला गेलासा, आन या घरात पोरगीच न्हाई म्हणून लिवून आलासा!”

ओटा हसला. मगदूमही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“आमचाही तोच नियम आहे,” महाराज म्हणाले. “पावसाळ्यात आम्ही गावोगाव फिरत नाही.”

“बघा!” मगदूमांना आधार सापडला.

“का फिरत नाही?”

“पावसाळ्यात जमीन जीवांनी भरते, पायाखाली हिंसा…”

लहानपणी पाठशाळेत घोकलेलं उत्तर. ते अर्धंच तोंडाबाहेर आलं.



“…ते वेगळं, महाराज. चार दिवस फुलं येतात, जातात. मूळ जमीन ओसाडच. सडा शंभर पावलांवर आहे. चला, दाखवतो.”

महाराज उठले. हातात मोरपिसांची पिंछी घेतली. ओट्यावरचे आम्ही आठ-दहा जण मागून निघालो.

पायवाट जिथे संपते, तिथे कातळ सुरू होतो. महाराज पायवाटेच्या टोकालाच थांबले.

“या ना, महाराज.”

“येतो. जीव नसलेली एक पाऊलभर जागा दाखवा. तिथे पाय ठेवतो.”

मगदूम अनवाणी होते. त्यांनी पाय उचलला, खाली पाहिलं आणि तो तसाच मागे घेतला. समोर सीतेची आसवं या फुलांची निळी चादर होती. त्यांनी डावीकडे पाहिलं. खळग्यात वीतभर पाणी, पाण्यात बेडकाची पिल्लं वळवळत होती. उजवीकडे शेवाळ. मग ते चक्क गुडघ्यांवर बसले आणि काठाकाठाने सरकत शोधू लागले.

“सायेब, गावलं काय?” अंजाक्कांनी मागून हाळी दिली. “गावलं की आमाला बी दावा!”

एक काळा कातळ उघडा दिसला. मगदूमांनी उत्साहाने त्यावर हात टेकला… आणि उचलला. बोटाच्या पेराएवढी गोगलगाय शिंगं काढून हळूच पुढे सरकली.

वीस मिनिटं गेली. कोणी घाई केली नाही.

मगदूम उठले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांनी हात जोडले. “नमोस्तु, महाराज. फार उपकार झाले.” मग मागे वळून म्हणाले, “अंजाक्का, तुमचेही.”

“माझं कशाला? त्या पोरीच्या मामाचं माना!”

बत्तीस वर्षं मी बातमीदारी केली. मंजुऱ्या कशा वाटल्या जातात, ते बघताना दातओठ खाण्यापलीकडे काही केलं नाही. सरकारी तज्ज्ञाचे डोळे कृतज्ञतेने भरलेले मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले. त्या सकाळचा मीही ऋणी आहे.

“मंगळवारी मी सही करणार नाही,” मगदूम म्हणाले. “पावसात पाहणी करा, असं लिहून देईन. समितीत आम्ही अकरा जण. दहांच्या सह्या झाल्यात. माझीच राहिली होती, आणि एकमताशिवाय फाइल पुढे सरकत नाही.”

त्यांनी तसं लिहून दिलं. फाइल थांबली. हेळेवाडीचा झरा आजही वाहतो आहे, आणि अंजाक्का मगदूमांच्या नावाने बस्तीत दिवा लावतात.

पण त्या दिवशी परतताना महाराजांनी एक विचारलं होतं. तेच मी समितीला तीन पत्रांतून विचारलं. उत्तर आलेलं नाही.

महाराजांनी पिंछीने पुढची वाट हलकेच झाडली, एक पाऊल टाकलं आणि थांबले.

“त्या दहा जणांना सडा कोणी दाखवला?”