काळविटाला दिसलेली होडी

फार पूर्वी एका तळ्याकाठी प्राण्यांचं कॉलेज होतं. तिथल्या होडीच्या संघात एक जागा रिकामी झाली, तेव्हा धावण्याची सगळी पदकं जिंकलेला काळवीट हजर झाला. पदकं गळ्यातच होती.

"कधी वल्हं धरलंयस का?" ताल देणाऱ्या बेडकाने विचारलं.

"त्यात काय धरायचंय? पहिलं यायची सवय आहे मला," काळवीट म्हणाला.

होडीत वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात. पुढचं फक्त बेडकाला दिसायचं. संघातल्या तिन्ही बदकांना हे अंगवळणी पडलं होतं.

शर्यत सुरू झाली. बेडकाने "हय्या" म्हटलं की बदकांची वल्ही एकदम पाण्यात पडत. काळविटाला कुठला धीर! त्याचं वल्हं आधीच पडे आणि शेजारच्या वल्ह्यावर खाडकन आपटे. होडी नुसती डुलत राहिली. काळविटाने समोर पाहिलं, तर सगळं तळं मोकळं.

"पाहिलंत? समोर कुणीच नाही! आपण पहिले!"

बदकांनी माना खाली घातल्या. बेडूक हळूच म्हणाला, "अरे बाबा, तुझं तोंड मागे आहे. मागे कुणीच उरलेलं नाही."

पुढच्या शर्यतीला काळवीट पदकं घरी ठेवून आला. "हय्या" ऐकू येईपर्यंत तो दम धरून बसे. निम्मं तळं पार झालं आणि त्याला समोर रेड्यांची होडी दिसली, धापा टाकत येणारी.

"दिसली!" तो आनंदाने ओरडला. "एक दिसली!"

"ओरडू नकोस, ओढ," बेडूक म्हणाला. "अजून बऱ्याच दिसायच्या आहेत."