केरबाची धावपट्टी

माझं कुणी खरं मानलं नाही. कुलथे साहेबांनी नाही, गावाने नाही, पोटच्या पोरीनेसुद्धा नाही. पहिल्या दिवसापासून मी घसा फोडून सांगत होते, या माणसाला नुसता हुकूम देऊ नका, हुकमामागचं कारणही द्या. सगळे हसले. मग काय झालं ते ऐका.

आमच्या कोंढारीच्या माळावर एक भोळा माणूस राहत होता, आणि माझ्या बापाने माझं लग्न नेमकं त्याच्याशीच लावून दिलं. नाव केरबा. घरात मी त्यांना अहो म्हणते. पण गोष्ट सांगताना अहोजाहो केलं की हसू येत नाही, म्हणून इथे तो नुसता केरबा.

केरबाला बैल सांभाळ म्हटलं की तो बैल सांभाळायचा. बैल दुसऱ्याच्या उसात शिरला तरी मागे मागे जाऊन सांभाळायचा. बाहेर काढ असं कुणी म्हटलेलंच नसायचं.

तर या माळावर सरकारला विमानतळ करायचा होता. भूमिपूजन झालं तेव्हा माझी पोरगी रांगत होती. तिचं लग्न झालं तेव्हा कुठे कुंपण पुरं झालं. मधल्या काळात जो मंत्री आला त्याने नारळ फोडला. विमानतळाला नाव कुणाचं द्यायचं यावर दोन पक्षांची जुंपली, म्हणून पाटीवर पुढची जागा कोरी ठेवून नुसतं 'विमानतळ' लिहिलं. सगळं होतं, फक्त विमान नव्हतं.

आमची सगळी जमीन, विहिरीसकट, धावपट्टीखाली गेली. तिच्या बदल्यात केरबाला धावपट्टीच्या राखणदाराची नोकरी मिळाली. तीही कच्ची. पहिलं विमान उतरेल त्या दिवशी पक्की करू, असं ठरलं. म्हणजे आमची चूल आभाळात टांगलेली. ते विमान खाली आलं तर ती खाली येणार.

पहिल्या दिवशी विमानतळाचे मोठे साहेब, कुलथे साहेब, केरबाला म्हणाले, "हे बघ, धावपट्टीवर जे काही फिरकेल ते हाकलून लावायचं."

मी भाकरी घेऊन आले होते. मी म्हटलं, साहेब, का हाकलायचं तेही सांगा. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही भाकरीचं बघा.

केरबाने कुत्री हाकलली, म्हशी हाकलल्या, सरपंचाचा घोडा हाकलला. मग तपासणीसाठी दिल्लीचे अधिकारी आले. त्यांना जीपमध्ये घालून साहेब धावपट्टी दाखवायला निघाले. केरबाने कमरेची गोफण सोडली आणि पहिल्याच दगडात जीपची काच फोडली. दुसरा दगड भरेपर्यंत साहेब हात जोडून खाली उतरले होते.

"अरे, आम्हालाच हाकलतोस?"

"तुम्हीच म्हणालात, जे काही फिरकेल ते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "चाकाची गाडी आली की बाजूला व्हायचं, सलाम ठोकायचा आणि येऊ द्यायचं. कळलं?"

कळलं. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावचा बापू गाढवे ट्रॅक्टर घेऊन आला. विमान येत नाही म्हटल्यावर सगळी पंचक्रोशी त्या गुळगुळीत डांबरावर मिरची वाळवायला टपलेली होती. ट्रॅक्टरला चाकं होती. केरबा बाजूला झाला आणि सलाम ठोकला. त्याच्या मागून दुसरा आला, त्यालाही सलाम. दुपारपर्यंत धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक. त्याच दिवशी इंजिनिअर लोक मोजमाप करायला आले होते. टेप धरायचा आणि शिंकायचं, पुन्हा टेप धरायचा आणि पुन्हा शिंकायचं. धावपट्टीची लांबी आजवर कुणाला नीट कळलेली नाही, त्याचं कारण हे.

"अरे, मिरची कशी आत सोडलीस?"

"तुम्हीच म्हणालात, चाकं असली की सलाम."

साहेबांचे डोळे लाल झाले होते. रागाने की मिरचीने, सांगता येत नाही. म्हणाले, "यापुढे मी स्वतः समोर उभं राहून सांगितल्याशिवाय एकही गाडी आत येता कामा नये."

मी पुन्हा म्हटलं, साहेब, कारण सांगा. ते म्हणाले, बाई, तुम्हाला विमानतळातलं काय कळतं? मी म्हटलं, विमानतळातलं नाही कळत, नवऱ्यातलं कळतं. तिथले शिपाई हसले.

उन्हाळ्यात धावपट्टीच्या कडेचं वाळलं गवत पेटलं. तालुक्याहून आगीचा बंब घंटा वाजवत आला. केरबाने फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. बंबवाला म्हणाला, आग लागलीय. केरबा म्हणाला, दिसतेय की. साहेब गेले होते जिल्ह्याला बैठकीला. ते परत येईपर्यंत बंब बाहेर उभा आणि आग आत. गवत गेलं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी गेली, आणि भूमिपूजनाचा मांडव, जो कुणी काढलाच नव्हता, तोही गेला.

"तुम्हीच म्हणालात, तुम्ही समोर उभं राहून..."

"मला माहीत आहे मी काय म्हणालो." साहेबांचा आवाज पार बसला होता. "आता शेवटचं ऐक. धूर दिसला की कुणाला विचारायचं नाही. पाणी ओतायचं."

मी या वेळी नुसती बघत राहिले. साहेबच म्हणाले, बाई, असं बघू नका.

आणि खरंच विमान यायचं ठरलं. गावात रांगोळ्या निघाल्या. मी केरबाचा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. आज संध्याकाळी आमची नोकरी पक्की होणार होती.

मंत्री आले. दोन्ही बाजूंनी धावपट्टी फोटोत यावी म्हणून होम बरोब्बर मधोमध मांडला, जिथे आमची विहीर होती तिथे. भटजींनी तूप सोडलं. समिधा ओल्या होत्या. धूर झाला.

केरबाने कुणाला विचारलं नाही. आधी एक बादली होमावर, मग दुसरी मंत्र्यांवर, कारण त्यांच्या उपरण्यातूनही धूर निघत होता. तिसरी साहेबांच्या वाट्याला आली, त्यात त्यांचा खिशातला फोन बुडाला.

साहेब थरथरत म्हणाले, "मी परत येऊन सांगेपर्यंत इथून जागचा हलू नकोस. काही करू नकोस. समजलं?"

"समजलं," केरबा म्हणाला आणि मधोमध उभा राहिला.

साहेब मंत्र्यांना कोरडे कपडे घालायला गावातल्या बंगल्यावर घेऊन गेले. पोलीस मंत्र्यांबरोबर गेले. भटजी होम उचलून गेले. आणि आभाळात विमान दिसलं.

मनोऱ्यातला माणूस भोंग्यावरून ओरडला, बाजूला हो. केरबा हलला नाही. साहेबांचा फोन लागेना. मी शिपायांना म्हटलं, जा, उचला त्यांना. ते म्हणाले, धावपट्टीवर जायचा आम्हाला हुकूम नाही. विमानासाठी कडेला उभ्या केलेल्या बंबवाल्यांना म्हटलं. तेही म्हणाले, हुकूम नाही. विमान खाली खाली येत होतं.

मग मीच पदर खोचला आणि धावले.

"अहो, चला. विमान आलंय."

"साहेब येऊ दे, गोजरा."

"मराल."

"मरायचं नाही असं ते म्हणाले नाहीत."

मी हात ओढला, सदरा ओढला. बाही माझ्या हातात आली, माणूस तिथेच. डोक्यावर घरघर आली, धूळ उडाली. विमानाने आम्हा दोघांना बघितलं आणि पुन्हा नाक वर उचललं. एक घिरटी घातली आणि शेजारच्या जिल्ह्यात जाऊन उतरलं. तिथल्या मंत्र्यांच्या हातात भलत्याच समारंभाचा हार होता, तो त्यांनी विमानाला घातला.

दिवस मावळायला साहेब आले आणि म्हणाले, हल. केरबा हलला.

चौकशीला मुंबईहून चष्मेवाले साहेब आले. कुलथे साहेबांनी हुकूम बरोबर दिले होते, म्हणून ते सुटले. शिपाई हुकूम नसताना कुठे गेले नव्हते, म्हणून ते सुटले. केरबाने प्रत्येक हुकूम अक्षरशः पाळला होता, असा आज्ञाधारक माणूस चष्मेवाल्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी विमान उतरलंच असं धरलं आणि त्याची नोकरी पक्की केली. मी कपाळाला हात लावला, पण मनातून हसले. चूल खाली आली.

मग गावासमोर चष्मा पुसत ते म्हणाले, "आता राहिला दोष. त्या दिवशी धावपट्टीवर हुकमाशिवाय पाऊल टाकणारी व्यक्ती एकच. असं होणार हे तिला आधीपासून माहीतही होतं, तसं सगळेच साक्षीदार सांगतात."

त्यांनी कागद वर धरला आणि दोषी म्हणून नाव वाचलं.

सौ. गोजराबाई केरबा खोमणे.